अठराशे वीस फूट

१८ मार्च १८६५, शनिवार

अकोल्याहून सर्व्हे ऑफिसचे पत्र. आले वडिलांच्या, नानांच्या नावाने, वाचले मी. नवे साहेब लिहितात की उंबरमातेच्या डोंगराची उंची हरिहरपंतांनी (म्हणजे नानांनी) पायथ्याच्या धामणखेडीपासून १,८२० फूट दाखवली आहे. कमलाकांत नावाच्या नव्या ड्राफ्ट्समनने खालच्या मैदानातून कोन मोजून ती १,५५५ काढली. पंधरा एप्रिलपर्यंत खुलासा करावा. खुलासा पटला नाही तर हरिहरपंतांनी अकोल्यास हजर होऊन, साहेबांसमोर बसून, तेवढा भाग पुन्हा काढून दाखवावा.

फरक २६५ फुटांचा. कमलाकांत पुण्याहून आला आहे आणि त्याच्याजवळ नवे यंत्र आहे म्हणतात. नवे यंत्र हातात आले की माणसाला सगळेच ठेंगणे दिसत असावे.

गणित माझे आहे. नानांनी पौषात डोंगरावर पाणी उकळून थर्मामीटर वाचला, आकडा मला आणून दिला, मी उंची काढली. खाली पाणी २१० अंशांवर (फॅरनहाइट) उकळले, वर २०६.६ वर. जितके उंच जावे तितके पाणी लवकर उकळते, एका अंशाला सुमारे ५३५ फूट. ३.४ गुणिले ५३५. यात चुकायला जागा कुठे आहे ते कमलाकांतने दाखवावे.

अडचण एकच. तीन वर्षे नकाशे मी काढते आणि खाली सही नानांची असते. साहेबांसमोर बसायचे तर नानांनाच बसावे लागेल. नानांना थोडे अंधुक दिसते. फार नाही.

१९ मार्च, रविवार

रात्रभर विचार केला. निर्णय: डोंगर मी स्वतः चढून पाणी पुन्हा उकळणार. एकटी.

नाना म्हणाले, अनू, कशाला? चुकले असे लिहून मोकळे होऊ. मी म्हटले, चूक नसताना चूक कबूल करायची म्हणजे तीच एक चूक होईल. आणि कबूल केले तरी साहेब समोर बसवणारच. नाना फार विनयशील आहेत. विनयाने त्यांचे आयुष्यभर नुकसान झाले.

मग म्हणाले, निदान कोणाला तरी बरोबर ने. मी म्हटले, दोन माणसे म्हणजे दोन चुका.

काम गेले तर काय होईल तेही एकदा लिहून ठेवते, म्हणजे त्यावर पुन्हा विचार करायला नको. मी रिद्धपूरला सासरी जाईन. यजमान दोन वर्षांपासून मुंबईत कापसाच्या भावामागे आहेत. पत्रात लिहितात की अमेरिकेतली लढाई अजून दोन वर्षे तरी चालेल, काळजी नसावी. सासूबाईंचे म्हणणे, नानांची चाकरी आहे तोवर तुझे त्यांच्यापाशी काम आहे, नंतर मात्र इकडे ये. रिद्धपूरच्या घरात एक चाळणी सोडून मोजमापाचे एकही साधन नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी फक्त नोंद करते.

२१ मार्च, मंगळवार

तयारी. माळ्याच्या जिन्याला ११ पायऱ्या, प्रत्येक आठ इंच. एकदा चढले की ७ फूट ४ इंच. १,८२० फुटांसाठी २४८ वेळा चढावे लागेल. रोज चढायचे ठरवले.

आज १९ वेळा. म्हणजे १३९ फूट. सुरुवात उत्तम. गुडघ्यात कट असा आवाज आला, पण तो पायरीचाही असू शकेल.

२२ मार्च, बुधवार

पायऱ्या: ६. आवाज गुडघ्याचाच होता.

२४ मार्च, शुक्रवार

पायऱ्या: ०. शक्ती साठवणे हाही तयारीचाच भाग आहे. सैन्य लढाईच्या आदल्या आठवड्यात धावत नाही.

शेजारच्या माणिकबाईंनी विचारले की परवा जिन्यावर सारखे काय चालले होते, माळ्यावर उंदीर झाले का. हो म्हटले.

२६ मार्च, रविवार

नानांच्या डोळ्यांची परीक्षा घेतली. केवळ काटेकोरपणासाठी, संशय म्हणून नव्हे. थर्मामीटर हातात दिला आणि आकडा विचारला. त्यांनी आधी विचारले, अनू, ऊन ओसरीवर आले का? आले म्हटले. मग थर्मामीटर डोळ्यांजवळ धरून म्हणाले, ब्याण्णव. मी पाहिला. ९१.

एका अंशाची चूक या वयात कोणालाही क्षम्य आहे. डोळे ठीक आहेत.

दुपारी ते खुंटीला टांगलेल्या अंगरख्याला या बसा म्हणाले. अंगरखा शेषराव वकिलांनी विसरलेला होता आणि वकील त्याच उंचीचे आहेत. स्वाभाविक आहे.

२८ मार्च, मंगळवार. पाडवा

दिवस ठरवला: ४ एप्रिल. पंचांगातून सूर्योदय तेवढा घेतला. बाकीचे रकाने पाहिले नाहीत. ज्या पुस्तकात सूर्य आणि शिंक एकाच पानावर येतात त्यातला सूर्यच घ्यावा.

जाण्याची सोयही झाली. धामणखेडीचे पाटील खुशालराव कापूस घेऊन अमरावतीला आले आहेत, परत जाताना गाडी रिकामी. पौषात नाना त्यांच्याच घरी उतरले होते. खुशालराव यंदा फार बदलले आहेत. बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणे, डोक्यावर विलायती छत्री, कमरेला साखळीचे घड्याळ. ओसरीवर बसून दोनदा घड्याळ काढून पाहिले. मग माझ्यापुढे धरून म्हणाले, "बाई, हे घडी काय म्हंते, पाहा बरं." घड्याळ काहीच म्हणत नव्हते. किल्ली दिलेली नव्हती. किल्लीही असते हे ऐकून त्यांना दुकानदाराचा राग आला.

मी डोंगरावर का जाते ते त्यांना सांगितले नाही. त्यांनी विचारलेही नाही. फक्त हसले आणि म्हणाले, "जा ना व बाई, जा. चांगला दिवस पाहेला तुमी." म्हणजे त्यांनाही हवेतले कळते.

१ एप्रिल, शनिवार. रस्त्यात

सामान: थर्मामीटर (सरकारी), पितळी पातेले, विहिरीचे गाळलेले पाणी दोन शेर, गोवऱ्या, चकमक, नानांचे घड्याळ, वही. पायांत नानांचे जुने बूट. दोन बोटे मोठे होते, म्हणून पुढे कापूस भरला. खुशालरावांनी तो कापूस चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाले, "हा तं मुंबईले जायाचा माल होय, बाई. पायात काहून घातला?"

बैल ताशी दोन मैल चालतात. मी चाकाचे फेरे मोजत होते. १,१०० नंतर डोळा लागला. आकडा अंदाजे धरला आहे.

३ एप्रिल, सोमवार. धामणखेडी, सायंकाळ

पोचले. पायथ्याशी पाणी उकळून पाहिले: २१०.० बरोबर. नानांचा पौषातला आकडाही हाच होता. ज्यांना त्यांच्या डोळ्यांबद्दल शंका असेल त्यांनी हे पाहावे. (ते आकडा वाचत असताना खुशालराव शेजारी बसून मोठ्याने अंक म्हणत होते, असे खुशालरावच म्हणाले. त्यांना अंक येतात हे आजच कळले.)

डोंगर समोर उभा आहे. सरळ. खालच्या अंगाला पळस, वर सगळा काळा कातळ. वाट पावणेतीन मैलांची. उद्याचे वेळापत्रक:

५.३० निघणे. ६.३५ अर्धी वाट, पाणी दोन घोट. ७.४० माथा. ८.०० उकळणे. ९.०० उतरणे. ११.०० खाली, जेवण.

खुशालरावांच्या आई मैनाबाई पासष्टीच्या आहेत. त्यांनी विचारले, "एकटीच चाल्ली का व माय?" हो म्हटले. "कोनीच नाई संगं?" कोणी नाही म्हटले. मग मुलाकडे पाहून त्या पदरात हसल्या. एकट्या बाईचे धैर्य बघवत नाही लोकांना.

४ एप्रिल, मंगळवार

६.५०. निघते. उशीर माझ्यामुळे नाही. मैनाबाईंनी भाकरी खाल्ल्याशिवाय दार सोडले नाही.

७.१०. वाटेवर माणसे आहेत. मोहाची फुले वेचायला निघाली असावीत.

७.२५. फार माणसे आहेत. बायका, तान्ही मुले, एक आंधळे म्हातारे, दोन डफवाले, एक बोकड. विचारले. आज चैत्रातली अष्टमी, उंबरमातेची जत्रा. सोळा गावे येतात. हा तपशील पंचांगात असतो असे कळले.

याने माझ्या एकटेपणात तत्त्वतः काही फरक पडत नाही. मी कोणाबरोबर नाही. बाकीचे केवळ त्याच वाटेने त्याच दिशेने त्याच वेळी जात आहेत.

८.००. चढ सुरू. गती योजनेप्रमाणे, पहिली पाच मिनिटे.

८.३०. थांबले. दम लागला म्हणून नव्हे, दिशा तपासायला. दिशा वरची आहे.

८.५०. पुन्हा दिशा तपासली.

९.१५. बूट. आतला कापूस पुढच्या अंगाला गोळा होऊन बसला आहे आणि बोटे मागे ढकलतो आहे. सगळ्या वाटेवर बूट घातलेली मी एकटी आहे आणि लंगडणारीही मीच.

प्रत्येक वळणावर दगडावर मैनाबाई बसलेल्या दिसतात. मी पोचले की उठून पुढे जातात. तिसऱ्या वळणावर विचारले की तुम्ही माझ्यासाठी थांबता का. म्हणाल्या, "नाई व माय. मी तं गार वाऱ्याले बसली." वारा नव्हता. पण वयस्कर माणसाला खोटे पाडणे मला आवडत नाही.

९.४०. एक बाई लोटांगण घालत वर जात होती. नवस आहे. आडवी पडायची, उठायची, जिथे हात पोचला तिथे उभी राहायची, पुन्हा आडवी. शेजारून तिची जाऊ चालत होती आणि दोघींचे कोणाच्या तरी लग्नातल्या मानपानावरून बोलणे चालले होते. दोघी माझ्या पुढे गेल्या.

मी हिशेब केला. लोटांगणात एका वेळी पाच फूट जमीन मिळते. ती पद्धत दिसते त्यापेक्षा वेगवान आहे. तुलना अन्यायाची आहे.

१०.२०. पाणी दोन घोट प्यायले. ते उकळण्याचे पाणी होते. अजून पावणेदोन शेर आहे.

१०.४५. दीड शेर.

११.००. आंधळे म्हातारे पुढे गेले. जाताना म्हणाले, "बस बाई जराशी, पाय कापते तुहे." त्यांना कसे कळले ते विचारायला ते थांबले नाहीत.

११.४०. माथा. चार तास पन्नास मिनिटे. योजना दोन तास दहा मिनिटांची होती, पण ती योजना १,८२० फुटांसाठी होती. मला लागलेल्या दमावरून डोंगर ३,००० च्या खाली नाही. कमलाकांतने एकदा येऊन जावे.

१२.३०. उकळले. झाले ते जसेच्या तसे लिहिते.

देवळापुढे सगळीकडे चुली. मी कडेला तीन दगड मांडले, पातेले ठेवले, जाळ केला. पाण्याला उकळी आली. हवेचे तापमान लिहायला मी वहीकडे वळले. दहा सेकंद, फार तर बारा. वळून पाहते तर मैनाबाई पातेल्यात मूठ सोडत होत्या. ज्वारीच्या कण्या.

मी विचारले, हे काय केलेत? जेवढ्या शांतपणे विचारता येईल तेवढ्या शांतपणे.

त्या म्हणाल्या, "देवीच्या दारात नुसतं पानी उकयत ठेवतेत का व? उघड्यावर तीन दगडाईवर नुसतं पानी तापते ते मेल्या मानसाच्या आंघोयीले. चार बाया पाहून राहिल्या तुह्याकडं. म्या म्हटलं, शयरातली पोर हाय, इसरली असन."

भोवती खरोखरच चार बाया होत्या. एकीने विचारले, "घरी सगये बरे हायेत ना?"

मी थर्मामीटर कण्यांत धरला. पारा २०७.१ वर थांबला. पुन्हा धरला. २०७.१. असायला हवा २०६.६. कण्यांमुळे बिघडला. पाणी संपले होते. टाक्यातले पाणी घेऊन पुन्हा उकळता आले असते, परंतु टाके वीस पायऱ्या खाली होते आणि मी वेळ वाया घालवत नाही.

कण्या खाल्ल्या. अगदी अळणी. देवीच्या नैवेद्यात मीठ घालत नाहीत म्हणे. मैनाबाईंनी दुसऱ्यांदा वाढल्या. नको म्हणायला तोंड मोकळे नव्हते.

२.००. उतरते.

५ एप्रिल, बुधवार. धामणखेडी

काल ६.४० ला खाली. उतरताना शेवटचा मैल मैनाबाईंच्या खांद्यावर हात होता. त्यांना उतारावर तोल जाण्याची भीती वाटू नये म्हणून.

आज उठता येत नाही. खुशालराव दारातून म्हणाले, "बाई, गाडी जुंपू का खाटच नेऊ?"

८ एप्रिल, शनिवार. अमरावती

घरी. आल्यावर नानांनी पहिला प्रश्न विचारला, किती? मी म्हटले, नक्की सांगता येत नाही, कण्या पडल्या. त्यांनी कण्यांची चौकशी केली नाही. पुन्हा विचारले, पण पारा किती? २०७.१ म्हटले. बराच वेळ जानवे बोटाला गुंडाळत बसले.

विचार करता लक्षात आले की हे अगदी सोपे आहे. मिठाने पाण्याची उकळी चढते. पाण्यात मीठ असणार. अर्धा अंश मिठाचा. वजा केला की २०६.६. १,८२० फूट कायम. खुलासा उद्या लिहिते.

९ एप्रिल, रविवार

खुलासा लिहिण्याआधी प्रयोग केला, कमलाकांतला बोलायला जागा नको म्हणून. एक शेर पाणी, मीठ तोळ्याच्या पावाने वाढवत नेले. सव्वा तोळ्याला पारा बरोबर अर्धा अंश चढला. सिद्ध झाले.

फक्त एक राहिले. तेवढ्या मिठात कण्या शिजवून पाहिल्या. नानांनी एक घास घेतला आणि तांब्या मागितला. मलाही गिळवले नाही.

पण कोणास ठाऊक, डोंगरावर भुकेमुळे चव कळली नसेल.

१० एप्रिल, सोमवार

४ एप्रिलची नोंद उघडली. "अगदी अळणी." अक्षर माझे. खाडाखोड नाही.

कण्यांनी स्वतः किती फरक पडतो तेही पाहिले, मीठ न घालता. पडत नाही. विहिरीचे पाणी, वारा, थर्मामीटर किंचित तिरका, नानांचे घड्याळ, सगळे तपासले. घड्याळाचा संबंध नव्हता, तरी तपासले.

संध्याकाळी नानांना विचारले, पौषात वर पारा वाचला तेव्हा ऊन होते की सावली? म्हणजे चमक आली असेल काय, एवढेच मला हवे होते.

नाना म्हणाले, "अनू, पारा मला दिसलाच नाही. काच दिसली. पातेल्याची कड दिसली, तीही वाफेमुळे असेल. वर एक शिपाई होता, त्याला वाचता येत नव्हते. खाली खुशालराव होते म्हणून निभावले."

मी विचारले, मग २०६.६ कुठून आले?

म्हणाले, "गुडघ्यांनी सांगितले. चढताना वाटले, अठराशे असेल. तेवढे निघेल असा पारा सांगितला. तुझे गणित ठाऊक होते मला."

मी म्हटले, मला का नाही सांगितलेत?

"तू रोज सांगत होतीस ना, थोडे अंधुक आहे, फार नाही. तुझ्या तोंडून ऐकायला बरे वाटायचे."

मी दिवा लावला. त्यांनी विचारले, लावलास का?

१२ एप्रिल, बुधवार

काल दिवसभर लिहिले नाही. कामात होते. (माळा झाडला.)

आज खुलासा पाठवला, नानांच्या नावाने. मजकूर असा: उंबरमातेच्या डोंगरावर पुन्हा पाणी उकळून पाहिले, वरचा पारा २०७.१, उंची १,५५०. मागचा आकडा वाचण्यात चूक झाली होती, ती आमची आम्ही सुधारत आहोत. कमलाकांतचे १,५५५. पाच फुटांचा फरक राहतो, तो मी त्याच्याकडे धरते.

नीट पाहिले तर ही उत्तम तोड आहे. चूक आपणहून दुरुस्त केली, पुरावा दिला. आता समोर बसून काढून दाखवण्याचे कारणच उरत नाही. नाना घरी, मी टेबलाशी, पूर्वीसारखे. आकडे वाचायला यापुढे मी जात जाईन. डोंगरांची आता सवय झाली आहे.

जिना चढताना अजून कठड्याला धरावे लागते.

२२ एप्रिल, शनिवार

साहेबांचे उत्तर. ते फारच खूष आहेत.

लिहितात की वीस वर्षांच्या नोकरीत आपली चूक आपण पुन्हा डोंगर चढून शोधणारा नेटिव्ह किंवा साहेब त्यांनी पाहिलेला नाही, आणि तोही साठीच्या घरातला. अशा माणसाने अमरावतीत घरबसल्या काम करावे हा सरकारचा तोटा आहे. हरिहरपंतांना हेड ड्राफ्ट्समन नेमले आहे. एक मेपासून अकोल्यास हजर व्हावे. मोर्णा नदीच्या अलीकडे, ऑफिसजवळ बिऱ्हाडाची सोय केली आहे. साहेबांच्या खोलीतच, खिडकीपाशी, उजेडाची जागा दिली आहे. कमलाकांत त्यांच्या शेजारी बसून त्यांचा हात पाहून शिकेल.

नानांना वाचून दाखवले. ते हसू लागले. खोकला येईपर्यंत हसले. मला त्यात हसण्यासारखे काही आढळले नाही. "उजेडाची जागा" हा शब्द मी दोनदा वाचला होता एवढेच.

२३ एप्रिल, रविवार

उपाय आहेत. कागदावर मांडले.

एक: नाना दिवसभर साहेबांसमोर फक्त विचार करतील. मोठे ड्राफ्ट्समन विचारच करतात. कागद संध्याकाळी घरी आणतील.

दोन: कमलाकांतला विश्वासात घ्यावे. त्याने काढावे, नानांनी मान हलवावी. कमलाकांतचा स्वभाव अजून माहीत नाही. १,५५५ वरून हट्टी वाटतो.

तीन: नानांनी बोटांनी रेघ ओळखायला शिकावे. शाई थोडी घट्ट केली तर रेघ कागदावर उठून येते. आठ दिवस आहेत.

तिसऱ्याची चाचणी घेतली. मोर्णा नदी घट्ट शाईत काढली. नानांनी बोट फिरवले. म्हणाले, नदी छान आहे. बोट अकोल्याच्या जुन्या शहरात होते. शाई ओली होती आणि जुने शहर वाहून गेले.

२५ एप्रिल, मंगळवार

नाना सकाळी म्हणाले, बस, राजीनामा लिही. मी म्हटले, तिसरा उपाय अजून पुरता झाला नाही. म्हणाले, "अनू, तू एकटी डोंगर चढलीस तसा हाही चढशील. पण वर जाऊन पुन्हा पारा तोच दिसेल." मी म्हटले, मी एकटी चढले नव्हते. हे आधी कोणाला सांगितले नव्हते. म्हणाले, "खुशालरावांनी सांगितले मला. त्यांच्याच हाती मैनाबाईंना मी निरोप दिला होता, लक्ष ठेवा म्हणून."

लिहिला. कारण कोणते घालायचे ते ठरत नव्हते. डोळ्यांचे लिहिले तर तीन वर्षांचे नकाशे कोणी काढले हा प्रश्न येतो. प्रकृती म्हटले तर नुकताच डोंगर चढलेला माणूस. तेवढी जागा मोकळी ठेवली आणि बाकीचा मजकूर सुबक अक्षरात पुरा केला.

सही करायला मी टाक उचलला, रोजच्यासारखा. नानांनी हात पुढे केला. ही मी करतो म्हणाले. मी बोट धरून जागा दाखवली. त्यांनी माझे बोट बाजूला केले आणि आपल्या अंदाजाने केली. हरिहर पुरते झाले, पुढचे सगळे साहेबांच्या पदव्यांवरून तिरके वर चढत गेले आणि कागदाबाहेर संपले. पाटावर अजून डाग आहे.

विचारले, बरी आली का?

मी दुसरा कागद काढला होता. तो परत ठेवला. बरी आली म्हटले. कारणाची जागा तशीच मोकळी ठेवून पाकीट बंद केले. साहेबांना मोजमापाची सवय आहे, सहीवरून त्यांना दिसेल.

थर्मामीटर सरकारी, तो कापसात गुंडाळून सोबत पाठवला. रिद्धपूरला कळवले, वैशाखात येते.